शून्य पूर्णांक चार मिलिसेकंद

या सदरातले अनुभव मी वाचते आणि पान उलटते. पांढऱ्या साडीतली बाई, आपोआप वाजणारा फोन, पिंपळाखालून आलेली हाक... तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढल्यावर एवढं कळतं, की सांगणाऱ्यानं काहीच मोजलेलं नसतं. घड्याळ पाहिलेलं नसतं, अंतर माहीत नसतं. फक्त अंगावर काटा आलेला असतो. काटा एसीतही येतो.

माझ्याकडे नोंदी आहेत, म्हणून लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ दिगंबर – दिगू – नांदेडला राहायचा आणि लातूरच्या एका मोठ्या कोचिंग क्लासचं नेटवर्क सांभाळायचा. क्लासचं नाव देत नाही. लातुरात कुठल्याही चौकात मान वर करा, गुणवंतांचे चेहरे दिसतील. त्यातलाच एक बोर्ड समजा. गेल्या वर्षी क्लासच्या एका ऑनलाइन परीक्षेत शेवटच्या पंधरा मिनिटांत मुलांची उत्तरं पोचेनात. पालक चिडून आले. क्लासच्या मालकांना सगळे 'सर' म्हणतात. मी चौकशी केली, त्यांनी आजवर एकही तास घेतलेला नाही. सरांनी सगळ्यांसमोर दिगूकडे बोट दाखवलं. 'हलगर्जीपणामुळे कामावरून कमी करण्यात येत आहे' असं पत्र दिलं आणि ते पालकांच्या ग्रुपवर टाकलं. तीन आठवड्यांनी दिगू गेला. हार्ट अटॅक. वय अडतीस.

पत्रामुळे गेला असं मी म्हणत नाही. ते मोजता येत नाही. पण पत्र खोटं होतं, आणि ते मला मागे घ्यायला लावायचं होतं.

दिगूला मोजण्याचं वेड भूकंपापासूनचं. आमचं गाव औसा तालुक्यातलं. आई भूकंपात गेली. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा यंत्रं घेऊन माणसं आली. त्यातल्या एकानं नऊ वर्षांच्या दिगूला सांगितलं, की भूकंपाच्या दोन लाटा असतात – एक आधी पोचते, दुसरी मागून – आणि मधल्या सेकंदांवरून तो किती लांब झाला ते काढता येतं. पुढे इंटरनेटचं काम करतानाही तो तेच म्हणायचा. "अक्का, उशीर म्हंजे अंतर. बाकी समद्या गप्पा हाईत."

नांदेडच्या घरी त्याच्या टेबलावरचा छोटा कॉम्प्युटर लातूरच्या क्लासमधल्या कॉम्प्युटरला दर सेकंदाला एक प्रश्न पाठवायचा – आहेस का? – आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते लिहून ठेवायचा. वायफायवर नाही, वायर लावून. एकदा नाही, दिवसभर. नेहमीचा आकडा एकतीस मिलिसेकंद. लातूर तसं दीडशे किलोमीटरही नाही, पण आपल्याकडचं सगळं मुंबईला जाऊन येतं, तसं हेही. परीक्षेच्या दिवशी शेवटच्या पंधरा मिनिटांत आकडा नऊशेवर गेला होता, कारण त्याच वेळी सरांच्या ऑफिसातून, त्याच लाइनवर, सत्काराचे व्हिडिओ चढवले जात होते. दिगूनं हे सांगितलं तेव्हा सरांनी मोबाइलवरची स्पीड टेस्ट दाखवली. शंभर एमबीपीएस.

"शंभर म्हंजे रस्ता रुंद हाय," दिगू मला म्हणाला होता. "ट्रॅक्टर आडवा लावल्यावर रुंदीला काय करता? अन् ती टेस्ट बाजूच्याच सर्व्हरला विचारून ऱ्हायली. आमचं पोरगं कसंय म्हणून आपल्याच मेव्हण्याला विचारल्यासारखं."

तेरवीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता बाहेर पंगत बसली होती. मला माणसांत बसवेना, म्हणून दिगूच्या टेबलाशी बसले. कॉम्प्युटर कुणी बंद केलेला नव्हता. एकतीस, एकतीस, बत्तीस... आणि मग ०.४.

पुन्हा ०.४. अकरा मिनिटं, न चुकता, दर सेकंदाला.

काचेच्या तारेतून प्रकाशाला लातूरला सरळ जाऊन यायलाही एक मिलिसेकंदाहून जास्त लागतो. ०.४ हा शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरचा आकडा आहे. मला वाटलं, घड्याळ बिघडलं. पण त्याच वेळी हैदराबादच्या एका सर्व्हरचे आकडे बाजूला येत होते, ते नेहमीसारखे होते. मला वाटलं, घरातलंच दुसरं काही उत्तर देतंय. पण प्रत्येक उत्तर वाटेत किती ठिकाणी थांबलं ते त्यावर नोंदलेलं असतं. नेहमी नऊ. त्या अकरा मिनिटांतही नऊ.

मामा हात धुवून आत आले. मी त्यांना आकडा दाखवला, ही माझी चूक.

"जीव अडकलाय त्याचा मशीनमधी," ते म्हणाले. "बंद कर ते."

"मामा, तुम्ही जेवलात ना?"

"हाव, जेवलो."

"मग पडा जरा."

पत्र मागे घ्या, माझ्याकडे नोंदी आहेत, असं मी सरांना लिहिलं होतं. पुढच्या महिन्यात त्यांनी निरोप दिला – पूर्ण फाइल आणा, कालपर्यंतची, काही काढलेलं चालणार नाही. मी दोन दिवस ती फाइल उघडून बसले. ती अकरा मिनिटं ठेवली तर कुणीही जाणकार हसेल: ज्या मशीनला प्रकाशाचा वेग माहीत नाही, त्याचे नऊशे तरी कसे खरे? पुसली तर पुरावा स्वच्छ. पण दिगूचं वाक्य मला पाठ होतं, "नको असलेला आकडा पुसला का उरलेले समदे खोटे." मी पुसली नाहीत. लातूरच्या बसमध्ये बसले तेव्हा हरायची तयारी होती.

सरांनी परीक्षेचा दिवस पाहिलाच नाही. फाइल सगळ्यात लहान आकड्यापासून लावून घेतली.

"शून्य पॉइंट चार? मॅडम, हे कमी असलं की चांगलं ना?"

"कमी असलं की चांगलं."

"इतकं कमी दुसऱ्या कुठल्या क्लासचं असेल?"

"कुणाचंच नसेल."

"मग लाइन तर एक नंबर होती म्हणायची."

"मी तेच सांगायला आले आहे."

त्यांनी तिथेच पत्र टाइप करायला सांगितलं: श्री. दिगंबर यांच्या कामात कोणताही दोष नव्हता. सही, शिक्का. आठवड्याभरात चौकातल्या बोर्डवर गुणवंतांच्या चेहऱ्यांखाली ओळ आली – 'ऑनलाइन परीक्षा, फक्त ०.४ मिलिसेकंदात'.

तो आकडा अशक्य आहे, हे मी सरांना सांगू शकत होते. सांगितलं असतं तर पत्र मिळालं नसतं. सोयीसाठी गप्प बसणाऱ्यांची मला आयुष्यभर किळस वाटत आली. मी गप्प बसले.

दिगूच्या बायकोनं, संगीतानं, पत्र दोनदा वाचलं. "शेवटी आकडे बघून मानलं ना त्यांनी, अक्का?"

"हो, आकडे बघूनच," मी म्हणाले. तिनं दिगूच्या फोनवरून ते पालकांच्या ग्रुपवर टाकलं आणि बराच वेळ फोन हातात धरून बसली.

तो आकडा मी दोन माणसांना दाखवला. मामांना त्यात आत्मा दिसला, सरांना जाहिरात. दोघांनाही मिनिटभरात उत्तर मिळालं. मी ती अकरा मिनिटं नऊ महिने तपासते आहे... मला मिळालेलं नाही.