रव्याचा डबा

इथे लीड्समध्ये जुन्या वस्तूंच्या दुकानात काल एक पितळी डबा मिळाला. बाहेर येताच सवयीनं झाकण उघडलं. आत नुसता पॉलिशचा वास.

इंदूरच्या जुनी इंदूर भागात आमच्या शेजारच्या काकूंकडे असाच डबा होता. काकांची मिल बंद पडली आणि घरातलं एकेक सामान विकायला निघालं. डबा आईनं घेतला. देण्याआधी काकू आत गेल्या आणि त्यात मूठभर रवा घालून आल्या.

"अहो, राहू द्या ना," आई म्हणाली.

"खाली डबा थोडीच देतात, वहिनी!" काकू हसल्या. त्यांच्या मागे स्वयंपाकघरातल्या फळ्या रिकाम्या दिसत होत्या.

संध्याकाळी आईनं त्या रव्यात आपला रवा मिसळला, साजूक तुपातला शिरा केला आणि त्याच डब्यातून काकूंकडे पाठवला. काही दिवसांनी डबा परत आला, तर आत त्यांच्या अंगणातला कढीपत्ता. मग आईनं डाळ भरून पाठवली. विकत घेतलेला डबा आपल्या घरी कधीच का नसतो, म्हणून मी चिडायचे. आई नुसती म्हणायची, "येईल ना!"

कालचा डबा मी धुतला, पुसला, रव्यानं भरला. तेव्हापासून तो ओट्यावरच आहे. पाठवायचा कुणाकडे?