केव्हाही बाहेर पडू शकता

स्टँप पॅडच्या शाईचा वास आला की मानपाड्यातली ती खोली आठवते. परदेशी विद्यापीठात मी पब्लिक हेल्थ शिकत होते आणि प्रबंधासाठी घरोघरी फिरून कारखान्यांच्या धुराबद्दल विचारत होते. संमतीपत्राचं मराठी भाषांतर मीच केलेलं. भर दुपारी बाहेरून केमिकलचा उग्र दर्प येत होता, म्हणून त्या घरातल्या बाईच्या नवऱ्याने दार लावलं, कडी घातली आणि तिथेच टेकून उभा राहिला. ती अंगठ्याला शाई लावून माझ्यासमोर बसलेली. मी वाचलं, "तुमच्यावर कुणाचीही जबरदस्ती नाही. तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता." तिने झटकन मान वर केली. "खरंच, ताई? केव्हाही?" तिच्या मनगटावरचे काळेनिळे वळ मला तेव्हा दिसले. "काय बोललात, मॅडम?" दाराशी टेकलेल्या नवऱ्याचा आवाज आला, "परत वाचा जरा." "सर्व्हेतून हो, दादा, सर्व्हेतून बाहेर," मी घाईघाईने म्हणाले, वर हसलेसुद्धा. तोही हसला. तिने खाली बघत अंगठा उमटवला आणि त्याने कडी काढली. आता माझ्या प्रत्येक फॉर्मवर त्या वाक्यात 'अभ्यासातून' हा शब्द ठळक छापलेला असतो. त्या दिवशी मात्र त्या खोलीतून बाहेर पडले ती मी एकटीच.