लाल्याचं स्टेशन

"लागतं का?"

वस्तू कुठलीही असो, तर्जनीने तिच्यावर दोनदा टकटक करायचं, मान तिरकी करायची आणि एवढंच विचारायचं. उत्तर ऐकायची त्याला सवय नव्हती. आपण "हो" म्हणायला तोंड उघडेपर्यंत खिशातून लाल टॅग बाहेर आलेला असायचा.

आम्ही त्याला तोंडावर 'साहेब' म्हणायचो आणि पाठ वळली की 'लाल्या'. वय साठीला टेकलेलं, हुद्दा मोठा, तेव्हा खरं म्हणजे अहोजाहो करायला हवं. पण त्या वेळी मनात अरेतुरेच होतं. आता तो या जगात नाही म्हणून जीभ गोड करून लिहिलं तर ते खोटं होईल. अरेतुरेच राहू दे.

चाकणच्या पट्ट्यात ज्यांनी नोकरी केली त्यांना हा टॅग ठाऊक असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. कारखान्यात पसारा नको म्हणून जी वस्तू कामाची दिसत नाही तिला लाल टॅग बांधायचा आणि कॅन्टीनशेजारच्या जाळीच्या खोलीत नेऊन ठेवायची. तीस दिवस वाट पाहायची. तेवढ्यात कुणी टॅगवर 'लागतं' असं लिहून सही केली तर वस्तू वाचली, नाहीतर भंगारात. हे सगळं खातं लाल्याकडे होतं आणि त्यात त्याने पदरचं एक कलम घातलं होतं. ज्याची वस्तू आहे त्याला सही करता येणार नाही, दुसऱ्या कुणीतरी करायची. "स्वतःचं सगळ्यांनाच लागतं," तो म्हणायचा. "दुसऱ्याला वाटलं पाहिजे."

सोपान माझ्या शेजारच्या मशीनवर होता. मूळचा महाळुंग्याचा, आमचा प्लान्ट उभा आहे ती जमीन एके काळी त्याच्या आज्याची. त्याने पॅनेलवर खंडोबाचा फोटो लावला होता. लाल्या आला, टकटक केलं.

सोपान उसळलाच. "आवो सायेब, देव हाय त्यो! त्याला काय इचारताय लागतं का म्हून?"

"तुला लागतो. मशीनला ऑइल लागतं," लाल्या म्हणाला आणि टॅग बांधला.

"कंपनी माझ्या वावरात, आन टॅग माझ्याच देवाला!" सोपान महिनाभर हेच सांगत फिरला. खंडोबा तुटक्या खुर्च्यांबरोबर जाळीत बसून राहिला. शेवटी एका ट्रक ड्रायव्हरला ते बघून धडकी भरली आणि त्याने सही केली म्हणून देव सुटला.

माझं तर त्याहून वाईट झालं. मी उंचीला कमी. किती कमी ते विचारू नका, गावात मला गिड्ड्या म्हणायचे आणि ते नाव माझ्याआधी कंपनीत पोचलं होतं. माझं मशीन परदेशी, तिकडच्या ताडमाड माणसांच्या मापाचं. मी एक लाकडी पाट ठोकून घेतला होता, त्यावर उभा राहून जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लावायचो. लाल्याने त्या पाटावर टकटक केलं, तेही मी वर उभा असताना.

"लागतं का?"

"मला लागतं, साहेब."

"मशीनच्या ड्रॉइंगमध्ये नाही."

मी खाली उतरलो तेव्हा अख्खी लाईन हसली. तीस दिवसांत एकाही माणसाने सही केली नाही. भीतीने म्हणा, गंमत म्हणून म्हणा. सोपाननेही नाही. पाट भंगारात गेला आणि मी तीन महिने चवड्यांवर उभा राहून शिफ्ट काढली. पोटऱ्यांत असे गोळे यायचे की कंपनीच्या बसमधून उतरताना दांडा धरून रडू यायचं.

मग एके दिवशी मशीनपाशी एक लोखंडी पायरी आली. वर रबर, कडा पिवळ्या रंगवलेल्या, बाजूला ड्रॉइंग नंबर. बरोबर साडेचार इंच, मला हवी तेवढी. माझं माप त्याने कधी घेतलं देव जाणे, पण ड्रॉइंगवर सही लाल्याची होती. आता खरं तर माणसाने आभार मानायचे. मला उलट जास्तच चीड आली. हे करायचंच होतं तर तीन महिने मला कशाला नाचवलंस, लेका?

तर अशा माणसाचा जीव कशात असावा? पोरांच्या खेळण्यातल्या ठोकळ्यांत. नव्या भरतीला लाईन कशी चालते ते शिकवायला ट्रेनिंग रूममध्ये प्लास्टिकचे ठोकळे असायचे, डोक्यावर बटणं असलेले, एकमेकांत बसणारे. पोरांनी त्यांच्या मोटारी जोडायच्या आणि कोण रखडतो ते बघायचं. नवा संच आला तेव्हा जुन्याला टॅग लागला. एकोणतिसाव्या दिवसापर्यंत कुणी आलं नाही, तेव्हा लाल्याने स्वतः त्यावर सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'स्टेशन'.

सहा वर्षं तो अर्धी जेवणाची सुट्टी ट्रेनिंग रूमच्या मागच्या टेबलापाशी घालवत होता. इंग्रजांच्या राणीच्या काळातलं स्टेशन. लाल विटा, मधून पांढरे पट्टे, टोकदार कमानी, कोपऱ्यांना बुरूज, मधोमध घड्याळाचा टॉवर, प्लॅटफॉर्मवर नक्षीच्या खांबांवर तोललेलं छप्पर. असं कुठलंही स्टेशन जसंच्या तसं नव्हतं, जुन्या फोटोंवरून त्याने स्वतः आखलेलं होतं. आधी ग्राफ पेपरवर काढायचा, एक चौकोन म्हणजे एक बटण. एका कमानीने त्याचं वर्ष खाल्लं. "ठोकळा चौकोनी, कमान वळणाची," तो मला म्हणाला होता. "मग काय, एकेक बटण पुढे सरकवत डोळ्याला फसवायचं." टॉवरच्या घड्याळाला त्याने बाद झालेल्या डायल गेजची, म्हणजे माप घ्यायच्या काट्याची, तबकडी बसवली होती. ठोकळे कमी पडले की जुन्या बाजारातून किलोवर आणायचा आणि सांगवीच्या घरी बादलीत साबण घालून धुवायचा. घर एवढंसं, त्यात मुलगा, सून, नातवंडं. तिथे टेबलाएवढं स्टेशन ठेवणार कुठे? म्हणून ते कंपनीत.

"सायेब, पर गाडी कुठाय?" सोपानने एकदा मुद्दाम विचारलं.

"गाडी येते नि जाते. ती कोण बांधतं?"

मला त्याने एकदा तिकीटघराची खिडकी बसवू दिली होती. मी ती उलटी बसवली. त्याने ती काढली आणि सुलटी करून पुन्हा माझ्याच हातात दिली. तेवढा एक क्षण तो मला बरा वाटला होता, हे कबूल करतो.

मग परदेशी पाहुणे आले, त्यांनी फोटो काढले, टाळ्या वाजवल्या. प्लान्टचे मोठे साहेब खूश. म्हणाले, "रिटायर व्हायच्या आत पुरं करा, रिसेप्शनमध्ये काचेच्या पेटीत ठेवू. खाली तुमचं नाव." त्या दिवशी लाल्या माझ्या मशीनपाशी येऊन उगाच उभा राहिला. टॅग काढला नाही, टकटक नाही. म्हणाला, "पस्तीस वर्षं मी लोकांच्या वस्तू बाहेर काढल्या. माझी एक आत राहील." डोळ्यांत पाणी होतं का? मी नीट पाहिलं नाही. मला जॉब लावायचा होता.

वर्षभरात मोठ्या साहेबांची बदली झाली. दिलेला शब्द तोंडी होता, कागद कुठेच नव्हता. नव्या साहेबांना स्टेशन म्हणजे काय तेही माहीत नव्हतं आणि लाल्या सांगायला गेला नाही. स्वतःच्या वस्तूसाठी शब्द टाकणं त्याच्या कलमात बसत नव्हतं. स्टेशन पुरं झालं तेव्हा त्याच्या नोकरीचे दोन महिने उरले होते.

आमच्याकडे दर तिमाहीला चिठ्ठ्या टाकून एका खात्याने दुसऱ्याचं खातं तपासायचं असतं. आमच्या लाईनला ट्रेनिंग रूम निघाली. देवाशप्पथ, चिठ्ठीत लबाडी नव्हती. लबाडी नंतरची. आदल्या दिवशी त्या लोखंडी पायरीवर बसून मी टॅग लिहून ठेवला: 'वापर नाही. कागद नाही.' दोन्ही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या देखत मी टॉवरवर टकटक केलं, मान तिरकी केली आणि विचारलं, "लागतं का?"

सोपान फिस्सकन हसला. मग सगळेच. मी लिहून आणलेला टॅग काढला. लाल्याने तो हातात घेतला, वाचला, परत दिला.

"आधी लिहून आणलेला चालत नाही. वस्तू समोर ठेवून लिहायचा." आणि स्वतःच्या खिशातून कोरा टॅग काढून माझ्यापुढे धरला.

मी त्याच्यासमोर तो पुन्हा लिहिला आणि बांधला. दोघांनी उचलून स्टेशन जाळीत नेलं.

पुढचे तीस दिवस आम्ही जी मजा केली तिची आता किळस येते. टॉवरला कुणी लिंबू-मिरची बांधली. तिकीटघरात विडीचं थोटूक खोचलं. लाल्या जेवायला आला की मी रांगेतून नाकात बोलायचो, "यात्रीगण कृपया ध्यान दें, लाल स्टेशन से छूटनेवाली गाड़ी सीधे भंगार तक जाएगी!" कॅन्टीन खदखदून हसायचं. तो ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेवण झालं की जाळीपाशी हात मागे बांधून उभा राहायचा. फोर्कलिफ्टच्या हादऱ्यांनी डावा बुरूज कलला होता. खोलीची किल्ली त्याच्याच कमरेला होती, पण टॅग लागलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, हे त्याचंच कलम. तो नुसता बघायचा आणि परत जायचा.

एक सही. प्लान्टमधल्या कुणाही माणसाची, झाडूवाल्याचीसुद्धा चालली असती. पण ज्याचं त्याचं काहीतरी त्याने बाहेर काढलेलं होतं.

एकोणतिसाव्या दिवशी सोपान म्हणाला, "कर की सही, राव. म्हातारं माणूस हाय."

"तू कर."

"म्या? त्यानं माजा खंडोबा उतरवला."

"मग गप बस."

खरं सांगतो, सही करायची हे मी ठरवलं होतं. पण आधी त्याने मागितली पाहिजे. एकदा, माझ्या मशीनपाशी येऊन, मान खाली घालून. मला एवढंच हवं होतं. माझा पाट गेला तेव्हा मी चार जणांपुढे हात पसरले होते, त्यालाही कळू दे हात पसरणं काय असतं.

तिसाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी तो आला. हातात कागद. मी पायरीवरून उतरलो नाही, त्यामुळे आम्ही समोरासमोर होतो. शर्टाची कॉलर सैल झालेली, महिन्यात बराच वाळला होता. खिशात पेन होतं, ते मी आधीच चाचपून ठेवलं.

"तुझी सही हवी होती," तो म्हणाला.

मी कागद घेतला. वर छापलं होतं, 'विल्हेवाट मंजुरी'. वस्तू: प्लास्टिक, मिश्र. खाली दोन चौकटी, एकीत त्याची सही झालेली.

"टॅग लावणाऱ्याची लागते," तो म्हणाला. "त्याशिवाय भंगारवाला उचलत नाही."

कागद फाडता आला असता. दहा पावलांवर जाळी होती, टॅगवर एक शब्द लिहिता आला असता. पण तो मागत नव्हता, याचाच मला राग आला. मी सही केली. लोकहो, मी ती ठसठशीत केली.

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला आणि परत माझ्यापुढे धरला. "तारीख राहिली."

मी तारीख टाकली.

कॅन्टीनच्या रांगेत उभा असताना जाळीचं दार उघडलेलं दिसलं. भंगारवाल्याचा माणूस एकटाच आला होता आणि एकट्याला ते उचलत नव्हतं. म्हणून दुसऱ्या बाजूने लाल्याने धरलं. उलट पावलांनी तो ट्रॉलीकडे निघाला, मान वळवून खालच्या खड्ड्यांकडे बघत, आणि त्या माणसाला सांगत होता, "हळू. हळू रे बाबा. टॉवर नुसता टेकवलाय, पडेल."

ट्रॉलीपर्यंत त्याने एकही ठोकळा पडू दिला नाही.