छिंगदाओला मी ढाल म्हणून गेले

न्यूअर्कहून विमान सुटलं, सीटबेल्टचा लाइट गेला आणि मग यूटिंगने मला ट्रिपचं खरं कारण सांगितलं!

यूटिंग म्हणजे इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेतली माझी रूममेट. चीनच्या किनाऱ्यावरच्या छिंगदाओ शहरातली. महिनाभर मला "समुद्र दाखवते, मासे खायला घालते" करत होती. आता म्हणते, "मला अमेरिकेतच जॉब लागलाय. परत येणार नाही हे आईला सांगायचंय. आणि आई पाहुण्यांसमोर ओरडत नाही."

"म्हणजे मी ढाल?"

"जेवणासकट."

मी खूप हसले. जरा जास्तच, कारण मलाही सांता क्लाराला जॉब लागलाय आणि पुण्यात आईला मी अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी ती विचारते, "डिसेंबरात कायमची येतेस ना गं?" आणि दर रविवारी नेमकं माझं नेटवर्क जातं.

एअरपोर्टवर यूटिंगच्या आईने, म्हणजे मावशींनी, मला बघून टाळ्या वाजवल्या. मग लेकीकडे बघून म्हणाल्या, "काळी झालीस."

शहर मात्र कमाल आहे यार! टेकड्यांवर लाल कौलांची घरं, जर्मन लोक इथे ठाण मांडून होते तेव्हाची. क्षणभर वाटतं रत्नागिरीला आलो, मग मान वळवली की काचेचे टॉवर! आणि बीचना चक्क नंबर आहेत, एक नंबर, दोन नंबर, एसटीच्या फलाटांसारखे.

पहिल्या दिवशी झानच्याओवर गेलो (समुद्रात लांबवर गेलेला धक्का, टोकाला मंडप). यूटिंगने मोठा श्वास घेतला, "आई, ऐक ना..." आणि मध्ये एक नवरी आली. इथे लग्नाचे फोटो काढायला झुंडी येतात. पांढऱ्या झग्यातल्या सतरा नवऱ्या मी मोजल्या, एकीच्या झग्याखाली स्पोर्ट्स शूज. मावशींनी नवरीकडे बघितलं, मग सावकाश यूटिंगकडे. यूटिंगने श्वास तसाच सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी गाला (शिंपल्या, आपल्या तिसऱ्या, सुक्या मिरचीत परतलेल्या) आणि बिअर. बिअर कशात? प्लास्टिकच्या पिशवीत! वजनावर, वर स्ट्रॉ! मी सेल्फी काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. फ्रिस्कोच्या काकांचा लगेच मेसेज, "वा, तिथेही उसाचा रस मिळतो!" मी नुसता अंगठा पाठवला. यूटिंगने धीर यावा म्हणून अख्खी पिशवी संपवली आणि टेबलावरच झोपली.

तिसरा दिवस, शेवटचा. सकाळी सहाला मावशी मैत्रिणींबरोबर पोहायला निघाल्या, आम्हीही मागे. आणि तिथे दिसली लिएनजीनी, म्हणजे चेहऱ्याची बिकिनी! पोहताना ऊन लागू नये म्हणून सगळ्या काकू अख्ख्या डोक्यावर रंगीत मास्क चढवतात. फक्त डोळे, नाक, तोंडाला भोकं. पुण्यातल्या स्कार्फवाल्या मुली स्कूटीसकट समुद्रात पडल्यासारखं दिसत होतं. मावशींचा मास्क पोपटी.

"चेहराच दिसत नाहीये," यूटिंग म्हणाली. "बेस्ट. आत्ताच सांगते."

एक केशरी मास्क घालून ती पोपटी मास्कजवळ पोहत गेली आणि बोलत सुटली. मी किनाऱ्यावर टॉवेल सांभाळत होते. पोपटी मास्क शांतपणे मान हलवत होता. काय समजूतदार बाई!

तेवढ्यात माझ्या शेजारून कुणीतरी टॉवेल ओढला. पोपटी मास्क. आत मावशी.

मी त्यांच्याकडे बघितलं. मग समुद्राकडे बघितलं. तिथला पोपटी मास्क आता हात वर करून सगळ्या बीचला ओरडून विचारत होता (अर्थ मला नंतर कळला), "ही कुणाची मुलगी? अमेरिकेतच राहणार म्हणते, आईला सांगायला घाबरते!"

मावशींनी मास्क काढला. माझ्याकडे बघून छान हसल्या. मग पाण्यात शिरल्या आणि जे काही ओरडल्या! पाहुण्यांसमोर ओरडत नाही म्हणे! ढाल टॉवेलामागे लपली. रंगीबेरंगी डोक्यांमध्ये दोन पार्ट्या पडल्या, भांडण दहा मिनिटं चाललं. मग मावशी एकट्याच लांब पोहत गेल्या.

परत आल्या तेव्हा आवाज बसला होता. "तीन दिवस माझ्या घरात होतीस. आणि सांगितलंस परक्या बाईला?"

यूटिंग रडली. मावशींनी तिचं डोकं पुसलं, जरा जोरातच. मग त्या दोघी माझ्याकडे वळल्या. ढाल लपली याचा सूड म्हणून यूटिंगने माझाही जॉब सांगून टाकला होता!

"आई विचारतेय," ती दात काढत म्हणाली, "तुझ्या आईला कुणी सांगितलं?"

मी टॉवेलांच्या घड्या घालायला घेतल्या.

निघताना मावशींनी यूटिंगच्या बॅगेत सोडे कोंबले, आणि माझ्या हातात पोपटी मास्क ठेवला.

आता पिस्कॅटवेत सगळे विचारतात, छिंगदाओत काय बघायचं? धक्का बघा, कौलं बघा, पिशवीतली बिअर प्या. पण सकाळी सहाला बीचवर नक्की जा, आणि काही सांगायचं असेल तर आधी माणूस नीट बघून घ्या.

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. नेटवर्क फुल्ल. मी मास्क चढवला आणि फोन उचलला.

"अगंबाई! कोण गं तू?"

"आई, मी सई. एक सांगायचंय."

आई खुर्ची पुढे ओढून बसली.

"सांग. पण आधी ते काढ. मला तुझं तोंड दिसू दे."

मी मास्क काढला.