समुद्राकडे पाठ करून

टूरवरून घरी आलं की बॅगेतून महिनाभर वाळू निघत राहते. बॅग झटका, धुवा, उन्हात टाका, तरी कुठल्या तरी कप्प्यात चिमूटभर उरतेच. आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचं तसंच झालंय. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण चहाला बसलं की पडायला लागतात. परवा माझी बहीण म्हणाली, "सारखी बेटांवर असतेस, मजा आहे बाई तुझी!" म्हटलं, मजा? बस जरा, सांगते.

आमचं ऑफिस कामोठ्यात, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. एका बाजूला पोळीभाजी केंद्र, दुसऱ्या बाजूला दातांचा डॉक्टर. मालकांना आम्ही सगळे दादा म्हणतो. तिकिटं, हॉटेलं, बोटी बघतात ते रफिकभाई, मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. देवदर्शनाची एक बस आहे, पण आमचं खरं नाव थायलंडच्या समुद्रकिनाऱ्यांसाठी आणि बेटांसाठी. त्या टूरची लीडर मी. सात वर्षं झाली, लोकांना बेटांवर नेते आणि मोजून परत आणते.

आणि मला समुद्राची भीती वाटते. थोडीथोडकी नाही. बोटीचं इंजिन सुरू झालं की हाताला लागेल ते घट्ट धरते, ते परत जमिनीला पाय लागेपर्यंत सोडत नाही. हे ऑफिसात एकट्या रफिकभाईंना माहीत होतं.

*

नोकरीच्या फॉर्मवर एक रकाना होता, "पोहता येतं का?"

माझं माहेर साताऱ्याच्या दुष्काळी माणमधलं. आमच्याकडे पाणी टँकरनं यायचं आणि हंड्यात संपायचं. माणूस बुडेल एवढं पाणी मी पहिल्यांदा बघितलं ते लग्न होऊन इकडे आल्यावर, वाशीच्या खाडीपुलावरून. तेही बसच्या खिडकीतून, समोरचा दांडा घट्ट धरून. पण त्या फॉर्मच्या आधी आठ वर्षं मी वाशीच्या मार्केटात एका मसाल्याच्या गाळ्यावर बिलं फाडत होते. सकाळी शिंकत जायचं, संध्याकाळी शिंकत यायचं. विमानात बसायचं काम समोर आलेलं, ते मला कसंही करून हवं होतं.

ठोकून लिहिलं, "होय."

दादांनी विचारलं, कुठं शिकलात? तोंडातून निघून गेलं, "गावी. विहिरीत." त्या विहिरीत मे महिन्यात उतरून आम्ही लपाछपी खेळायचो, ते काही सांगितलं नाही.

पहिल्या टूरला काम दाखवायला रफिकभाई सोबत होते. बोट निघाली आणि माझे ओठ पांढरे पडलेले त्यांनी बघितले. संध्याकाळी मला बाजूला घेऊन समजावलं, "ताई, माणूस पाण्याला घाबरत नाही, तळ दिसत नाही म्हणून घाबरतो. इथलं पाणी बघा किती नितळ! तळ दिसतोय."

म्हटलं, "भाई, तो किती खाली आहे ते दिसतंय म्हणूनच तर फाटली माझी."

 दुसऱ्या दिवशी त्यांनी सुंठेची पुडी आणून दिली आणि दादांना काही कळू देणार नाही, असा शब्द दिला.

*

आता सोमवारचं सांगायला हवं, नाहीतर बाकीचं कळणार नाही.

टूरच्या शेवटच्या दिवशी, विमानतळाच्या वाटेवर, मी बसमध्ये फीडबॅकचे फॉर्म वाटते. पुढच्या सोमवारी चहाबरोबर दादा ते एकेक करून मोठ्यानं वाचतात. शेजारच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलेल्या पेशंटलाही ऐकू जातील एवढ्या मोठ्यानं.

एकदा एका गृहस्थांनी लिहिलं होतं, "सर्व उत्तम. फक्त बेटावर जाण्यासाठी बोटीशिवाय दुसरा काही मार्ग ठेवावा." ऑफिस खोखो हसलं. मीही हसले, पण मनातल्या मनात त्या माणसाला पाच स्टार देऊन टाकले.

पण एक सोमवार हसण्यासारखा नव्हता. तेव्हा आमच्याकडे आणखी एक लीडर होते, चांगले अनुभवी. त्यांच्या टूरच्या फॉर्मवर कुणीतरी लिहिलं, "बोट हलली तेव्हा सर आमच्याआधी घाबरले." दादांनी वाचलं, फॉर्मची घडी घातली आणि त्यांना त्याच आठवड्यात अष्टविनायकच्या बसवर टाकलं. आवाज चढवला नाही, काही नाही. एवढंच म्हणाले, "लोक आपल्या भरवशावर पाण्यात उतरतात. भिणारा माणूस बेटावर नको."

खोटं नव्हतंच ते. तेव्हापासून मला समुद्रापेक्षा सोमवारची धास्ती जास्त.

*

मग मी माझी एक पद्धत बसवली. बोटीत समुद्राकडे पाठ करून बसायचं, तोंड लोकांकडे. आणि सतत माणसं मोजायची. एकपासून सुरू करायचं, शेवटपर्यंत जायचं, परत एकपासून. आकडे चालू असले की डोक्यात दुसरं काही शिरत नाही.

एका काकांनी विचारलंच, "मॅडम, चालत्या बोटीतून कोण कुठं जाणार आहे?"

पण त्या टूरच्या फॉर्मवर सहा जणांनी एकच गोष्ट लिहिली. मॅडमचं आमच्याकडे इतकं लक्ष, की एवढा सुंदर समुद्र असून त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही. दादांनी ते दोनदा वाचलं. टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बिस्कीट चहात बुडवत राहिले आणि ते विरघळून तळाशी गेलं.

*

थायलंडला दोन बाजूंनी समुद्र. एका बाजूला पावसाळा जोरात असला की दुसरी बाजू त्यामानानं निवांत, असं साधारण गणित. म्हणून ऑगस्टात आम्ही पूर्वेच्या बाजूला सामुई बेटावर जातो आणि डिसेंबरात पश्चिमेच्या बाजूला. गेल्या ऑगस्टात बावीस जण होते.

त्यात कामोठ्याचेच साळुंखेकाका आणि काकू. काका रिटायर्ड. त्यांच्या मोबाइलमध्ये वाऱ्याचं ॲप होतं. नाश्त्याला, बसमध्ये, लिफ्टमध्ये, दर तासाला ते मला गाठायचे, "मॅडम, आपण बरोबर किनाऱ्यावर आहोत ना?" मी हो म्हणायचे. ते ॲप दाखवायचे. त्यात वादळाचा एक लाल ठिपका आमच्या बाजूला सरकत असायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्खी बस मला तेच विचारायला लागली. खोटं कशाला बोलू, रात्री खोलीत जाऊन मी स्वतः नकाशा उघडून खात्री करून घेतली.

शेवटी काकूच कावल्या. ताट खाली ठेवून म्हणाल्या, "घरात जिथं गळतंय तिथंच पलंग ठेवलाय सहा वर्षं, आणि इथं थायलंडची बाजू विचारताय!"

काकांनी मोबाइल खिशात घातला. ठिपका काही थांबला नसणार, पण आम्हाला तो दिसायचा बंद झाला.

*

तिसऱ्या दिवशी सामुईहून जवळच्या एका छोट्या बेटावर स्पीडबोटीनं जायचं होतं. सगळे चढले, बाळारामनाना चढेनात.

नाना तळवलीचे, गावठाणातले. सारा जन्म खाडीत मासे धरण्यात गेलेला. त्यांनी बोटीला बाहेरून टकटक करून बघितलं, इंजिनाचा वास घेतला, आणि वाळूत पाय रोवून उभे राहिले. "पोरी, पुनव झाली नाय. नारल दिल्याबिगर दर्यान जावाचा नाय."

नारळी पौर्णिमा चार दिवसांवर होती.  एक तर निघायला उशीर, त्यात दर्यातला माणूस दर्यात जायला नको म्हणतोय! नारळासाठी शोधाशोध केली, तर सगळीकडे हिरवी शहाळी, वर स्ट्रॉ खोचलेली. नानांनी त्या शहाळ्याकडे असं बघितलं की मी ते मुकाट्यानं पिऊन टाकलं.

मग नाना बोटीच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी गेले. तिथं बोटवाल्यानं रंगीत कापडं गुंडाळलेली होती आणि त्यावर ताज्या फुलांचा हार. बोटवाल्यानं हाराकडे बोट दाखवून हात जोडले. नानांनीही जोडले. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता.

"ह्यांची पुनव झालेली हाय," नाना म्हणाले. "चला."

*

त्या बावीस जणांत हौसाअक्का होत्या. सत्तरीच्या, कऱ्हाडकडच्या, नदीकाठच्या गावातल्या. आता उलव्याला मुलाकडे असतात. मुलाला आणि सुनेला रजा नव्हती, म्हणून त्यानं अक्कांना एकट्यांनाच आमच्या हवाली केलं होतं. नऊवारी, पायात कॅनव्हासचे बूट.

त्या स्पीडबोटीत चढल्या चढल्या अक्का माझ्याशेजारी येऊन बसल्या. "मला पाण्याचं लई भ्या वाटतं बाई. माझा हात सोडू नगंस."

म्हटलं, अक्का, मी आहे ना. आणि हात धरला. खरं सांगू, मला फार बरं वाटलं. आपल्यापेक्षा जास्त घाबरलेलं कुणीतरी शेजारी असलं की आपण आपोआप शहाणे होतो. मी त्यांना समजावत राहिले, तळ दिसतोय बघा, रफिकभाईंचंच सगळं. त्या मान डोलवत होत्या.

बेटावर उतरल्यावर मात्र अक्कांनी काष्टा खोचला आणि सरळ कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. लाट आली की पाठ द्यायच्या, गेली की तोंडावर पाणी मारायच्या. मला वाटलं, म्हातारं माणूस, उन्हानं भीती विसरलं असेल.

दुपारी नाना आकाशाकडे बघून म्हणाले, आता निघा, वारा फिरला. बोटवालाही हात हलवून बोलवत होता. सगळे भराभर चढले. साळुंखेकाकांनी मोबाइल बाहेर काढलाच नाही, आणि त्यामुळे मला जास्तच धाकधूक वाटायला लागली.

अर्ध्या वाटेवर लाटा उठल्या. बोट वर जायची आणि धाडकन खाली आदळायची. पावसाचे सपकारे तोंडावर.  मी पाठ करून बसलेली, अक्कांचा हात हातात, आणि मोजत होते. अकरा, बारा, तेरा. एक लाट डोक्यावरून आत आली, आणि माझे आकडे थांबले. पुढचा आकडाच आठवेना. मला वाटलं, आता मी ओरडणार, आणि मी ओरडले की हे बावीसच्या बावीस जण ओरडणार.

अक्कांनी माझा हात दाबला. "मोज की. तेराच्या म्होरं काय?"

मी परत तेराच म्हटलं.

अक्काच मोठ्यानं म्हणाल्या, "ज्यानं त्यानं आपला आकडा सांगा रं! बाईला मोजायचंय."

एकेक आवाज यायला लागला. काकू म्हणाल्या एक, काका म्हणाले दोन. मागून नानांनी चौदा म्हटलं, जणू हजेरी चाललीय. चुकलं की परत पहिल्यापासून. असं किती वेळा झालं माहीत नाही. शेवटी अक्का प्रत्येक वेळी म्हणायच्या, "आन् बावीस मी." किनारा दिसला तेव्हा आमची सातवी की आठवी फेरी चालू होती.

उतरताना माझ्या लक्षात आलं. अक्कांच्या हातावर माझ्या नखांच्या खुणा उमटल्या होत्या, माझ्या हातावर एकही नव्हती.

विमानतळाच्या बसमध्ये फॉर्म वाटले. बहुतेकांनी लिहिलं, वादळात मॅडमनी सगळ्यांची मोजणी करून धीर दिला. अक्का बराच वेळ लिहीत होत्या, पुढच्या सीटच्या पाठीवर कागद टेकवून, एकेक अक्षर काढत. घडी घालून दिला. मी उघडून वाचला.

"पोरगी गुनाची हाय. पन समुद्राला लई भिते. म्हनून मलाच भ्या वाटतं असं मी सांगितलं, मंग तिनं हात धरला. दर खेपंला तिच्याशेजारी येक म्हातारं मानूस बसवत जावा."

फाडून टाकायचा होता मला तो फॉर्म. एक कमी भरला तर कोण विचारतंय? दोनदा हात गेला. पण ती वेडीवाकडी अक्षरं, बस हलेल तशी हललेली. फाडवलं नाही. मी तो गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवला.

सोमवारी चहा आला. दादा वाचत गेले. वीस, एकवीस. रफिकभाई माझ्याकडे बघत होते, मी कपाकडे. शेवटचा फॉर्म दादांनी उघडला आणि मोठ्यानं वाचलाच नाही. मनातच परत वाचला. घडी घातली. मी मनात अष्टविनायकातले गणपती मोजायला लागले होते.

दादांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "शुभांगीताई, डिसेंबरात आपण पश्चिमेच्या बाजूला जातोय. अक्का मोकळ्या आहेत का, विचारून घ्या."