ज्येष्ठेजवळची धूळ

यतीन राऊत लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पण घटकाभर एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ. दिवसभर विरारच्या इमारतींत वर-खाली करायचा आणि पहाटे तीनला होळी गावातल्या आपल्या वाडीत कॅमेरा लावून येरझाऱ्या घालायचा. ज्येष्ठा नक्षत्राजवळ धुळीचे अवाढव्य ढग आहेत. काही जवळच्या ताऱ्यांच्या उजेडात निळे-पिवळे उजळतात, काही इतके काळे की मागचे तारे झाकून टाकतात. नुसत्या डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतं, तेही तासन्‌तास उजेड साठवला तर. तीन वर्षं यतीन त्यांच्यामागे हात धुऊन लागला होता.

आणि तीन वर्षं त्याची आई सुभद्राबाई आड येत होती. नेमकी त्याच वेळी ती कपाळाला बॅटरी बांधून मोगरा खुडायला उतरायची. कळी उमलायच्या आत पाटीत पडली पाहिजे, हे यतीनलाही कळत होतं. पण बॅटरीचा झोत भिंगावर आला की फोटो वाया. लाल कापड बांध, पाठ करून खूड, सगळं सांगून झालं. म्हातारी ऐकेल तर ना.

यंदा वाडीच्या कोपऱ्यावर मोठ्या दिव्याचा खांब उभा राहिला. सोमवारी तो पेटणार, म्हणजे इथलं आकाश संपलं. रविवारी पहाटे यतीनचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याने आईपुढे हात जोडले. एक दिवस वाडीत येऊ नकोस, मोगरा राहू दे म्हणाला.

"मोगरा कशाला राहील?" म्हणत तिने बॅटरी काढून त्याच्या हातात दिली आणि अंधारात शिरली.

उजाडलं तेव्हा पाटी भरलेली होती. त्यात एक पान नाही, एक उमललेलं फूल नाही. यतीन भडकलाच. बॅटरीशिवाय जमतं, तर तीन वर्षं मला का छळलंस? तिने पाटीवर ओलं फडकं टाकलं.

दुपारी फोटो तयार झाला. तो धावतच ओटीवर आला, मोबाईल आईपुढे धरला आणि मधला काळा पट्टा बघ म्हणाला. तिने पडदा बोटांनी चाचपला. चित्र सरकलं, मोठं झालं, शेवटी नुसता काळोख उरला.

"छान आलाय पट्टा," ती म्हणाली.

यतीनने मोबाईल खाली घेतला. तुला कधीपासून दिसत नाही, त्याने विचारलं.

"बॅटरी नसती, तर तुम्ही मला वाडीत जाऊ दिलं असतं का?"