बैल पाहून दिलेली लेक

माझा बाप खेमसिंग राठोड फुलसावंगीजवळच्या आमच्या बंजारा तांड्यातला सगळ्यात हट्टी माणूस होता. मी त्याची धाकटी लेक, म्हणून हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको, की नंदाबाईने बापाचं नुसतं कौतुकच केलं. कौतुक तर मी करणारच आहे.

बापाचा बाप लदेणी करायचा. म्हणजे बैलांच्या पाठीवर मिठाच्या नि धान्याच्या गोण्या लादून मुलूखभर हिंडायचा. पुढे रेल्वे आली, सडका झाल्या, बैलांच्या पाठी मोकळ्या झाल्या आणि आमची माणसं शेतीला लागली. पण त्या दिवसांतली एक रीत बापाने काही सोडली नाही. तो सांगायचा, वाटेत दोन तांडे भेटले आणि सोयरिकीची गोष्ट निघाली, की म्हातारी माणसं मुलाच्या घरच्या बैलांच्या पाठी बघायची. गोणी वाकडी लादली की बैलाच्या पाठीला फोड येतो. ज्याला मुक्या जनावराची पाठ कळत नाही, त्याच्या घरी लेक द्यायची नाही, एवढा सरळ हिशेब. म्हणून माझा बाप सोयरिकीला कुठेही गेला, की आधी गुरांच्या कोठ्यात शिरायचा. कोठा बघेपर्यंत त्या घरचं पाणी पीत नसे.

बैलाची पारख म्हणजे खेमसिंग, असं आसपासच्या दहा गावांत झालं होतं. फुलसावंगीचे सदाशिवराव म्हणजे मोठी कुणबी आसामी, कपाशीचं चांगलं रान बाळगणारे. पण जोडी घ्यायची झाली की बापाला घेऊन, वाटेत दोन मुक्काम करत, दारव्ह्याच्या बाजाराला जायचे. बाप बैलाचा खांदा चाचपायचा, वेसण बघायचा, शेपटी पिळून मोडलेली तर नाही ना हे बोटांनी तपासायचा. शेवटी बैलाच्या कपाळावर हळूच हात उचलायचा. मार खाल्लेला बैल हात वर गेला की डोळे मिटतो आणि मान आत घेतो. तसं झालं, की बैल हुशार आहे पण मालकाने नासवला, एवढं बोलून तो पुढे चालू लागायचा. असं का, हे त्याला कुणी विचारत नसे. त्याने हो म्हटलं की दावं हातात घ्यायचं, नाही म्हटलं की निघायचं.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीला, चंदाला, स्थळ आलं. मुलगा दारव्ह्याजवळच्या एका तांड्यातला, नाव देवीलाल. बाप गेला तो थेट कोठ्यात. चार बैल, अंगावर माशी बसली तर घसरेल असे. खांदे मऊ, शिंगं तेल लावून घासलेली, गव्हाणीत सरकी आणि ढेप. बापाने कोठ्यातच हो म्हटलं आणि परत येऊन देवीलालचं कौतुक दोन्ही तांड्यांत करत सुटला. आम्ही आईला याडी म्हणतो. याडीने, जमनाबाईने, त्याला एकच विचारलं, की त्या घरातल्या बायांशी कुणी बोललं का? बाप हसला. बायांना काय विचारायचं, म्हणाला, बैल खोटं बोलत नाही. मलाही तेव्हा त्याचंच खरं वाटलं होतं. आजही ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

दीड वर्ष गेलं. हिवाळ्यात सदाशिवरावांना जोडी हवी होती, म्हणून बाप त्यांच्याबरोबर दारव्ह्याला निघाला आणि वाटेत न सांगता चंदाच्या घरी उतरला. देवीलाल शेतात गेला होता. बाप सवयीने आधी कोठ्यात डोकावला. बैल पहिल्यासारखेच चकचकीत. खूश होऊन ओसरीत बसला. चंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली, पाया पडायला वाकली. तिच्या डोक्यावर ठेवायला बापाने हात उचलला, आणि चंदाने डोळे मिटून मान आत घेतली.

हे त्याने आम्हांला आयुष्यात एकदाच सांगितलं. सांगताना आमच्याकडे बघत नव्हता. त्याने तांब्या तसाच खाली ठेवला. कुणी मारलं, कशाने मारलं, काही विचारलं नाही. "चाल बेटा, घरी," एवढंच म्हणाला. सासू दारात आडवी झाली, शेजारी गोळा झाले, तरी तो लेकीला घेऊन निघाला. सदाशिवराव बैल न घेताच मागे फिरले. वाटेत त्यांनी एक शब्द काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा मी विसरणार नाही.

पंधरा दिवसांनी देवीलाल आपल्या तांड्याचा नायक, म्हणजे मुखिया, आणि चार माणसं घेऊन आमच्याकडे आला. निंबाखाली बैठक बसली. आमचे नायक बाबूसिंग मधोमध होते. बैठक म्हणेल ते शेवटचं. चंदाला परत जा म्हटलं असतं तर जावंच लागलं असतं. बोलणं आमच्या गोरबोलीत झालं, पण सगळ्यांना कळावं म्हणून मी इथे वऱ्हाडीत लिहिते.

देवीलाल हुशार होता. ओरडला नाही, शिवी दिली नाही. हात जोडून म्हणाला, की माझे बैल बघून खेमसिंगकाकांनीच मला सोन्यासारखा माणूस म्हटलं होतं. माझे बैल बदलले का? आत्ता चला, बघा. जो मुक्या जनावराला बोट लावत नाही, तो बायकोला मारेल का? अर्धी बैठक माना हलवू लागली. बापाचंच बोलणं बापावर उलटलं होतं.

मग त्यांच्या नायकाने तोड सुचवली. मारलं असेल तर अंगावर डाग असतील. चार बायांनी पोरीला आत न्यावं, पाठ बघावी आणि बाहेर येऊन सांगावं. बाबूसिंगांनाही ते वाजवी वाटलं. चंदाने वर बघितलं नाही. ती मुकाट्याने उठली आणि आत जायला निघाली. मी पंधरा वर्षांची होते, पण तिचं ते उठणं बघून माझा जीव तुटला.

तेवढ्यात बाप उभा राहिला.

"बस चंदा," तो म्हणाला. "माही पोर बाजारात उभी नाही. तिची पाठ कोनी पाहनार नाही."

मग बैठकीकडे वळला. "देवीलालचे बैल चांगले हायेत. कालबी होते, आजबी हायेत. बैलाले बाजारात भाव हाये, म्हनून हा त्यायले जपते. मी बैल पाह्यले अन् मानूस पाह्यला असं समजलो. चुकी माही हाये."

चुकी माही हाये. हे शब्द त्याने कधी याडीलासुद्धा ऐकवले नव्हते. तो पुढे बोलला, आणि आता त्याचा आवाज चढला.

"वीस वर्सं माह्या एका शब्दावर तुमी बैल घेतले. एकानंबी मले डाग दाखव म्हनलं नाही. अन् आज पोरीसाठी काहून डाग मागता? यापुढं मी कोनाचाच बैल पाहनार नाही. पन पोर जानार नाही."

ज्या नावावर तो जगला ते नाव त्याने स्वतःच्या हाताने उतरवून खाली ठेवलं, आणि लेकीची पाठ झाकलेली ठेवली. माझे डोळे भरले नाहीत. माझी छाती फुगली. बाबूसिंग जमिनीवर काडीने रेघ ओढून म्हणाले, की खेमसिंग बोलला ते पुरे आहे, पोर इथेच राहील. देवीलाल आल्या वाटेने गेला.

बापाने शब्द पाळला. पुढच्या वर्षी सदाशिवराव स्वतः तांड्यावर आले, आर्जवं केली, तरी हा बाजाराला येईना. तेव्हा आतून याडी म्हणाली, की मग चंदाला न्या. माहेरी आल्यापासून घरची गुरंढोरं तीच बघत होती. बाप काही बोलला नाही. त्याचं न बोलणं म्हणजे होकार, हे आम्हांला ठाऊक होतं. चंदा निघाली, हट्ट करून मी निघाले, आणि नुसता सोबतीला म्हणून बापही निघाला.

दारव्ह्याच्या बाजारात लोकांनी टिंगल केली, फुलसावंगीत पुरुष संपले का म्हणून. चंदाने लक्ष दिलं नाही. रंगवलेल्या शिंगांच्या, घुंगरं बांधलेल्या जोड्या ती बघून पुढे जात होती. दुपार चढली तेव्हा एका कोपऱ्यात थांबली. तिथे धुळीने माखलेली एक साधी जोडी होती. तिचा म्हातारा मालक उन्हाच्या बाजूला असा उभा होता, की त्याची सावली बैलांच्या डोळ्यांवर पडावी. ऊन सरकलं तसा तोही जरासा सरकला. गिऱ्हाईक कुणी नव्हतं, बघणारंही कुणी नव्हतं.

चंदाने दाव्याला हात लावला. सदाशिवरावांना काही ती जोडी पटेना. त्यांनी सवयीने मागे वळून बापाकडे बघितलं.

"मले नका विचारू," बाप म्हणाला. "तिले विचारा."

मग लोक जिला नवऱ्याने टाकलेली म्हणत, त्या पोरीला सदाशिवरावांनी भर बाजारात विचारलं, "काय म्हंता, चंदाबाई?"

"घ्या," चंदा म्हणाली.

त्यांनी जोडी घेतली. परतीच्या दोन मुक्कामांत वाटेवर जो भेटेल त्याला बाप थांबवायचा. बैलांबद्दल अवाक्षर काढायचा नाही. चंदाकडे बोट दाखवून म्हणायचा, ही माझी थोरली.